पथारीवरचा दगड

त्या दिवशी दुपारी खदानीत बार झाला. एक दगड अक्काच्या पथारीवर पडला. मी तो पिशवीत टाकला.

एवढंच आहे. तीन वाक्यं. पण ही तीन वाक्यं अशी एकापुढे एक मी आजवर कुणासमोर ठेवलेली नाहीत — बायकोसमोर नाही, सरांसमोर नाही, चौकशीला आलेल्या साहेबांसमोर तर नाहीच. अक्का होती तोवर तिच्याशीही याविषयी बोललो नाही. आता ती नाही. तिचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, अंगणातला मांडव उतरला, आणि मी म्हसावदला माझ्या खोलीत परत येऊन बसलो आहे. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की एका बैठकीत होईल. होत नाही. दोन ओळी लिहितो आणि उठून पाणी पितो. तुम्ही थांबाल ना? मला थोडं मागून यावं लागेल.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नुकता शाळेत जायला लागलो होतो. पुढचं सगळं अक्काने केलं. तिचं लग्न झालं, भाऊजी लवकर गेले, तरी माझी शाळा तिने सुटू दिली नाही. नंदुरबारच्या बाहेर ती मिरचीच्या पथारीवर कामाला होती. हिवाळ्यात इकडे यायचं झालं तर रस्त्याच्या कडेने पाहा — ओली मिरची वाळत घातलेली मोकळी मैदानं, डोळे दुखतील इतकी लाल. त्यांनाच आम्ही पथारी म्हणतो. अक्का तिथल्या बायकांवर देखरेख करायची. मिरची उलटवणं, देठ मोडणं, पोती भरणं. माझी कॉलेजची पुस्तकं ती तिथल्याच रिकाम्या पोत्यात घालून ठेवायची. त्यामुळे ती पुस्तकं उघडली की ठसका लागायचा. अजून लागतो.

पथारीच्या मागे टेकडी आणि टेकडीत दगडाची खदान. काळा दगड फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, त्याची खडी रस्त्यांना जायची. आठवड्यातून एक-दोन वेळा दुपारी भोंगा वाजायचा, रस्त्यावर लाल झेंड्या लागायच्या आणि मग सुरुंगाचा बार उडायचा. लहान-मोठे दगड आभाळात जायचे आणि खाली यायचे. कुठे येतील याचा नेम नसायचा.

यावरच अभ्यास करायला एका सरकारी संशोधन संस्थेचं पथक आलं. सुरुंगाचा दगड किती लांब उडतो, आणि तो आवरता कसा येईल. मी तेव्हा भूशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसलो होतो. त्यांना खडकांची नावं माहीत असलेला आणि इथल्या लोकांशी अहिराणीत बोलू शकणारा कुणीतरी हवा होता. मला कंत्राटावर घेतलं. मी आयुष्यात इतका आनंदी कधी नव्हतो. गावात मला सायंटिस्ट म्हणायला लागले. मी लाजायचो, पण कुणी म्हटलं नाही तर वाट पाहायचो.

काम सांगतो, कारण त्याशिवाय माझा दोष कळणार नाही. सुरुंगासाठी खडकात खोल होल मारतात. तळाशी दारू, आणि वरचा भाग गच्च भरून घ्यायचा — त्याला ठासणी म्हणतात. ठासणी ढिली राहिली तर सगळा जोर होलच्या तोंडातून बाहेर येतो आणि तिथले दगड घेऊन उडतो. आमच्याकडे ठासणीला होल मारताना निघालेली भुकटीच वापरायचे, कारण ती तिथेच पडलेली असते. पथकाच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो; त्यांचं म्हणणं होतं, भुकटी फुंकल्यासारखी उडून जाते. तिच्याऐवजी बारीक खडी भरा, ती होलमध्ये अडकते, जोर दाबून धरते. तेच आम्ही तपासत होतो. प्रत्येक बारच्या आधी होलांच्या तोंडाभोवती रंग लावायचा — पुढची रांग निळी, मागची पिवळी. बार झाला की शेतांतून, बांधांवरून ओळीने फिरायचं, उडालेले दगड शोधायचे, त्यांच्याभोवती चुन्याचं कडं करायचं, अंतर मोजायचं. रंगावरून कळायचं, दगड कुठल्या रांगेतला. आणि सरांच्या आकृतीत त्या दगडाचा एक ठिपका पडायचा.

सर शांत माणूस. मला एकदा म्हणाले होते, जवळ पडलेल्या शेकडो दगडांना काही किंमत नाही. सगळ्यात लांब गेलेला एक शोधायचा, माणूस त्या एकानेच मरतो. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. मग तरीही — पण थांबा, आधी पथारीवरची गंमत सांगतो.

भोंगा वाजला की पथारीवरच्या बायका मिरची भरायची लोखंडी घमेली डोक्यावर पालथी घालून उकिडव्या बसायच्या. अक्का ओरडायची, “चला वं, मुकुट घाला!” लाल मैदानात काळ्या घमेल्यांची रांग. मंगला नावाची एक होती, सगळ्यांत तोंडाळ. मी दिसलो की घमेल्याखालून म्हणायची, “अक्का, तुन्हा भाऊ एवढा सायंटिस्ट शे, त्याले सांग ना, आमले एकेक छत्री तरी दे!” अक्का म्हणायची, “त्याले सवताले छत्री नही, तुले कथाईन दी?” आणि सगळी घमेली हसण्याने हलायची.

पथकाच्या अभ्यासातला शेवटचा बार होता. तोवरचे सगळे बार सरांच्या अंदाजाप्रमाणे झाले होते. खडी भरलेल्या एकाही होलाचा दगड पथारीच्या जवळपासही आला नव्हता. या बारच्या मागच्या रांगेची, म्हणजे पिवळ्या रांगेची ठासणी मी बघायची होती. रांग संपत आली आणि खडी संपली. एक होल राहिलं. क्रशरवरून ट्रॉली आणायला माणूस पाठवायचा म्हणजे उशीर. रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या अडवलेल्या, हॉर्न वाजतायत, आणि सरांना मी मघाशीच हात करून सांगून बसलो होतो की माझी रांग तयार आहे. आता पुन्हा जाऊन नाही म्हणायचं? मी बाजूची भुकटी घमेल्याने त्या होलात ओतली. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच हातांनी ओतली, वरून रंग सारखा केला.

बार लावणारा हिरामण होता. तारा जोडत आला आणि सगळी होलं ठासली का म्हणून विचारलं, “बठ्ठं ठासं का, बापूसाहेब?”

“ठासं,” मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. एका होलाचं. इतकं लहान की त्याला खोटं म्हणावं का, असा विचारही मी तेव्हा केला. तुम्ही असा विचार कधी केलाय का? मी पुष्कळदा केलाय.

बार झाला. धूळ खाली बसली, भोंगा पुन्हा वाजला. पथारीकडची बाजू शोधायला मी गेलो. तिकडे काही सापडत नसायचं म्हणून ती माझ्या एकट्याकडे असायची. बायका घमेली काढून उभ्या राहत होत्या. अक्का माझ्याकडे चालत येत होती. तिच्या हातात नारळाएवढा दगड होता आणि ती पदराने त्याला चिकटलेलं मिरचीचं बी झटकत होती.

“ले रे बापू, तुन्हा दगड,” ती हसत म्हणाली. “वरथून उना. मन्हा डोयासमोर पडना.”

मी दगड फिरवला. एका बाजूला पिवळा रंग होता. ओला होता अजून. माझ्या अंगठ्याला लागला.

मला त्या क्षणी सगळं कळलं — होल कुठलं, भुकटी कुणाची, हे सगळं. एवढंच करायचं होतं की मागे वळून सरांना हाक मारायची. सर आले असते, चुन्याचं कडं केलं असतं, मी सांगितलं असतं की त्या एका होलात खडी नव्हती. सर कदाचित रागावले असते. पण त्यांच्या कामाला याहून मोठा पुरावा काय मिळणार होता? एका होलात चुकीची ठासणी झाली तर दगड पथारीपर्यंत येतो — हेच तर सांगायला ते आले होते. तो दगड त्यांचाच होता. मला हे तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मला फक्त मी दिसलो. सांगितलं तर मी ठासणी न करणारा, खोटं बोलणारा. पुन्हा घरी बसलेला. अहवालात नाव येणार होतं — मी पुस्तकांत वाढलेला माणूस, छापलेल्या कागदावर माझं नाव येणार होतं.

मी अक्काला म्हणालो, “हा बारचा दगड नाही. हा पोळ्याचा रंग आहे. शिंगं रंगवताना कुणाचा डबा सांडला असेल.”

अक्काशी मी जन्मात कधी पुस्तकी मराठीत बोललो नव्हतो. आम्ही घरात अहिराणी बोलणारी माणसं. ती भाषा माझी वर्गात आणि सरांपुढे बोलायची. त्या दिवशी ती आपोआप तोंडात आली — जणू अक्का कुणीतरी बाहेरची होती.

तिने दगडाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. पोळा होऊन कितीतरी दिवस लोटले होते आणि रंग माझ्या अंगठ्यावर होता.

“व्हई,” ती म्हणाली. म्हणजे, असेल.

मंगला मागून म्हणायला लागली, “पन अक्का, आपुन तं आते —”

“काम कर वं,” अक्का म्हणाली आणि मिरची उलटवायला वाकली.

मी दगड पिशवीत टाकला. सर बांधावरून येत होते. “इकडे काही?” त्यांनी विचारलं. “नाही सर,” मी म्हणालो. त्यांनी नकाशावर पथारीच्या जागी खूण केली. समाधानाची खूण होती ती. मला ती अजून दिसते.

अहवाल आला. ठिपके नीट एका वळणात बसलेले. पथारी धोक्याच्या रेषेबाहेर. शेवटच्या पानावर माझं नाव. मी तो अक्काला दाखवायला पथारीवर नेला. तिने मला सगळ्या बायकांसमोर नाव मोठ्याने वाचायला लावलं. मग विचारलं, “मंग आते आठे दगड येत नही, असं लिखेल शे ना?”

मी हो म्हणालो. मान खाली घालून म्हणालो, की तिच्या डोळ्यांत बघून? आठवत नाही. आठवत नाही म्हणजे बहुतेक मान खालीच असावी.

पुढच्या बारला मी तिथेच होतो. भोंगा वाजला तसे बायकांचे हात घमेल्यांकडे गेले. मग त्या अक्काकडे बघायला लागल्या. अक्का घमेलं न उचलता उभी राहिली. तसंच, उघड्या डोक्याने. एकेकीने घमेलं खाली ठेवलं.

मला बरं वाटलं. हे लिहायला हवं म्हणून लिहितो — मला त्या क्षणी बरं वाटलं. वाटलं, तिला पटलं.

पथक गेलं. अहवालात होतं की खडी भरली तर दगड इतक्याच अंतरात राहतो. खदानीत खडी हाताशी असली की भरायचे, नसली की भुकटी, माझ्यासारखंच. पण रेषा मात्र खडीची ओढलेली होती. पथारी रेषेबाहेर, म्हणून त्या बाजूला झेंडीवाला उभा करणं हळूहळू बंद झालं. मला म्हसावदच्या शाळेत नोकरी लागली. दिवाळीला, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला अक्काकडे जायचो. ती माझ्याशी नेहमीसारखी होती. मी तिच्याशी नेहमीसारखा होतो असं मला वाटायचं.

मग काही हिवाळ्यांनंतर, मी वर्गात असताना मंगलाचा फोन आला. दगड आला होता. अक्काच्या उजव्या खांद्यावर. बाकी कुणालाही काही झालं नव्हतं.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिचा खांदा बांधलेला होता, चेहरा राखेसारखा. चौकशीचे साहेब दुसऱ्या दिवशी आले. सभ्य होते. त्यांच्या हातात आमचाच अहवाल होता. मी कव्हरवरून ओळखला. मी पलंगाच्या पायथ्याशी शहाळं धरून उभा होतो. त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं, “याआधी पथारीवर कधी दगड आला होता का?”

 मी हातातलं शहाळं पलंगाखाली ठेवलं. बोलायची ती वेळ होती. याहून चांगली वेळ कुणाला मिळते? साहेब विचारत होते, अक्का जिवंत होती, मी समोर होतो. मी तोंड उघडलं नाही.

मंगला म्हणाली, “एक येल व्हता साहेब. मांगे. पिवया रंग व्हता त्याले.”

साहेबांनी वर पाहिलं. “रंग होता? कसला?” आणि अक्काकडे वळले. “बाई, तुम्ही पाहिला होता तो दगड?”

अक्काने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं — पथारीवर पाहिलं होतं तसंच. मग साहेबांकडे बघून सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली:

“तो बारचा दगड नव्हता. तो पोळ्याचा रंग होता. शिंगं रंगवताना कुणाचा डबा सांडला असेल.”

माझं वाक्य. माझ्याच शब्दांत, माझ्याच त्या पुस्तकी मराठीत, जी ती कधी बोलायची नाही. इतकी वर्षं तिने ते जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. विश्वास ठेवलेलं वाक्य माणूस असं सांभाळतो का? विश्वास ठेवला असता तर तिने ते आपल्या बोलीत फिरवून सांगितलं असतं. तिने माझं खोटं मला परत दिलं नाही. माझ्यासाठी पुन्हा एकदा वापरलं.

साहेबांनी लिहून घेतलं. मंगला भिंतीकडे बघत राहिली.

आधी कधी दगड आलेला नाही, अहवाल पक्का, म्हणजे या वेळची चूक बार लावणाऱ्याची, असं ठरलं. हिरामणचं काम गेलं. त्याने त्या दिवशीही कुणाला तरी विचारलंच असेल, बठ्ठं ठासं का म्हणून. कुणीतरी त्यालाही हो म्हटलं असेल. तो आता गुजरातेत कुठेतरी आहे, एवढंच कळलं. मी शोधलं नाही.

अक्काचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. केस मंगला विंचरून द्यायची. तरी ती पथारीवर जात राहिली. या मार्गशीर्षात, एका सकाळी झोपेतून उठलीच नाही. दगडाने गेली नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी माझा दोष आहे त्याहून मोठा करून त्यातही काही मिरवीन.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मंगला माझ्याशेजारी येऊन बसली. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. म्हणाली, तुमचा तो अहवाल आल्यावर अक्काने घमेली बंद केली, पण एक नवीनच सुरू केलं. भोंगा वाजला की ती चहा मांडायची. पथारीच्या टोकाला, भरलेल्या पोत्यांच्या थप्पीमागे. सगळ्यांना तिथे बोलवायची. काम अर्धवट असलं तरी, नुकताच चहा झाला असला तरी. कुणी आलं नाही तर शिव्या घालायची. बायका हसायच्या, की अक्काले बार झाया का चहानी तलफ येस. बार झाला, दुसरा भोंगा वाजला, की पेले धुवून परत कामाला. इतकी वर्षं.

“आणि अक्का?” मी विचारलं.

“ती बठ्ठीस्ले चहा दी आनि बाहेर उभी ऱ्हाये,” मंगला म्हणाली. “तठे, मोकयामा. आम्ही बलावूत तं म्हने, मन्हा भाऊनी लिखेल शे, आठे दगड येत नही.”

मंगलाने माझ्याकडे पाहिलं.  मी तेव्हाही सांगितलं नाही, भर तेराव्याला. ती उठून भांडी घासायला गेली.

म्हणजे अक्काने बायकांना माझ्या खोट्यापासून वाचवलं आणि मला बायकांपासून. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या तर कुणीतरी उघड्यावर उभं राहणं भाग होतं. हे ती कधी ठरवत बसली असेल का, मिरची उलटवता उलटवता? की बघताक्षणी तिला कळलं होतं, त्या पहिल्याच दिवशी, “व्हई” म्हणाली तेव्हा? मी पुस्तकं वाचून माणसांविषयी बरंच काही समजतो असं मानत आलो. हे मला समजत नाही.

मी जे केलं ते घाईत झालं नाही. घाई फक्त भुकटी ओतताना होती. त्यानंतर मला पुष्कळ दिवाळ्या मिळाल्या, एक दवाखाना मिळाला, एक तेरावं मिळालं. प्रत्येक वेळी मी गप्प बसलो तो विचार करून.

हा मजकूर तुमच्यासमोर ठेवण्याआधी सरांना पाठवला आहे. ते निवृत्त झाले आहेत. पोहोचला असावा.

दगड माझ्याकडे आहे. इतकी वर्षं तो फळीवर पुस्तकांना टेकू म्हणून होता, पिवळी बाजू भिंतीकडे. काल मी तो फिरवून ठेवला. रंग फिका झाला आहे, पण ओळखू येतो. अहवाल अजून तसाच आहे. आकृतीत एक ठिपका कमी आहे. खदान चालू आहे. मिरची या वर्षीही पडली आहे. भोंगा वाजला की पोत्यांच्या थप्पीमागे आता मंगला चहा मांडते.